चुन्याचे दोन हात

“भाऊ, या खोलीत आमच्या पयले कोण रायत होतं?”

कौशल्येने सहज विचारलं. उंबऱ्याशी उकिडवी बसून ती ओल्या फडक्याने पायरीचा दगड पुसत होती आणि खुशालराव घागर घेऊन विहिरीकडे चालला होता. तो थांबला. इतक्या सोप्या प्रश्नाला लागायला नको इतका वेळ त्याला लागला, आणि हे त्याचं त्यालाच जाणवलं. मग तो म्हणाला, “एक गुजराती मुनीम होता. कापसाचा भाव बसला तसा गेला आपल्या गावाले.” ती “असं का” म्हणाली आणि पुन्हा दगड पुसू लागली. तिला पाचवा महिना होता. वाकताना ती डावा हात पोटाखाली धरत होती. खुशालराव विहिरीवर गेला, घागर आत सोडली आणि दोर हातात धरून उभा राहिला. मुनीम खरा होता. पण तो चौथ्या खोलीत राहत होता. खोटं बोलण्यासाठी आपण एक खरा माणूस उचलून तीन खोल्या पलीकडे नेऊन ठेवला, हे त्याच्या ध्यानात आलं. घागर केव्हाच भरून बुडाली होती. ओढून घ्यायचं त्याला सुचत नव्हतं.

अकोल्यात, मोर्णा नदीच्या अलीकडे, कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाडीरस्त्याला लागून त्याच्या चौदा खोल्या होत्या. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, समोर लांबच लांब ओसरी. पहिलीत तो आणि त्याची बायको वच्छला राहत. सातवीत तीन दिवसांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कौशल्या आणि तिचा नवरा भगवंता आले होते. बाकीच्या बारा रिकाम्या. रोज सकाळी खुशालराव त्यांची दारं एकेक करून उघडत जाई आणि सांजवेळी लावत येई. हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. पण पहाटेच त्याला जाग यायची, शेतकऱ्याची जाग, आणि जायला वावर उरलेलं नव्हतं. मग तो दारं उघडायचा. राहत्या खोलीला धुराचा, तेलाचा, माणसांचा वास असतो. रिकाम्या खोलीला फक्त मातीचा येतो. नवव्या खोलीत कोणाची तरी चूल राहून गेली होती. वरचं कवेलू सरकलं होतं, पावसाचं पाणी गळून चुलीतली राख घट्ट बसली होती. कवेलू सारखं करायला पाच पळं लागली असती. तो रोज वर बघायचा, रोज खाली राखेकडे बघायचा आणि दहाव्या खोलीकडे जायचा.

त्याचं गाव तेल्हाऱ्याच्या बाजूचं. तीन वावरं होती, काळी, खोल. उन्हाळ्यात भेगा पडल्या की आत हात कोपरापर्यंत जावा अशी. कुठं तरी विलायतेच्याही पलीकडं लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याची किंमत आली. तीन सालं तो बैलगाड्या भरून अकोल्याला येत राहिला. एका वेळी रात्रीच्या मुक्कामाला जागा मिळेना म्हणून तो गाडीखाली निजला. सकाळी उठून बघतो तर गाड्यांखाली, झाडांखाली, देवळाच्या पायऱ्यांवर नुसती माणसं. दलाल, तोलारी, सरकी काढणारे, गठाणी बांधणारे. एका गोठ्यात दोन म्हशींच्या शेजारी एक चांगला अंगरखा घातलेला माणूस कपाळाला गंध लावत बसला होता आणि त्या कोपऱ्याचं भाडं देत होता. खुशालरावाला त्या क्षणी आपल्या आयुष्याचा अर्थ लागल्यासारखं झालं. वावराला पाऊस लागतो, निंदण लागतं, टोळधाडीची भीती असते. भिंतीला काय लागतं? भिंत नुसती उभी असते.

अब्दुल गफ्फारकडे तो तेव्हाच गेला होता. म्हाताऱ्याच्या जुन्या गावात पाच खोल्या होत्या, बापाच्या वेळेपासून भाड्याने दिलेल्या, आणि घर बांधून भाड्याने द्यायचं म्हटलं की लोक त्यालाच विचारत. दाढीला मेंदी लावून तो ओसरीवर बसायचा आणि विचारणाऱ्याला कधी नाही म्हणायचा नाही. खुशालराव त्याच्यासमोर बसून राहिला आणि म्हाताऱ्याने बोटं मोजत सांगितलं, “वावर इकू नको, पाटील. वावर ठेव. पिकाच्या पैशातून दोन खोल्या बांध. दोन भरल्या तं तिसरी. पयले माणूस पाय, मंग भीत बांध. एकाच धंद्याच्या लोकायनं सारं घर भरू नको. एक तेली ठेव, एक शिंपी ठेव, एक सरकारी चपराशी ठेव. धंदा बसला तं सारे एका दिवशी उठतात. सालातले चार महिने खोली खाली रायते असं धरूनच चाल. इहीर पायखान्यापासून दूर खोद. कवेलू दर साली फिरव.” अशा नऊ-दहा गोष्टी सांगून झाल्यावर तो थोडा थांबला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “अन् खोलीत कोणी मेलं तं बाजारात बोंब होऊ देऊ नको. चुन्याचे दोन हात मार, शेणानं सारव, आठ दिवसांत दुसरा माणूस आण. मेलेल्याची खोली असं एकदा नाव पडलं का मंग ती आयुष्यभर रिकामी.”

खुशालरावाने मान हलवली होती. मग गावी जाऊन त्याने तिन्ही वावरं विकली. वच्छलेनं एकदाच विचारलं, “तिन्ही काहून?” तो म्हणाला, “दोन खोल्या बांधून का पोट भरते?” घेणारा शेजारीच होता, बांधाला बांध लागून. त्याने त्याच दिवशी मधला बांध फोडायला माणसं लावली. कुदळ आपटल्याचा आवाज घरापर्यंत येत होता आणि खुशालराव आत पेटी बांधत होता. त्याला वाटलं होतं, आवाज ऐकून काही तरी होईल. काही झालं नाही. ते वर्षभरानं झालं, अकोल्यात, कोणी तरी दुसऱ्याच कशासाठी कुदळ मारत असताना. तो ओसरीवर जेवत होता, आणि ताट तसंच टाकून तो उठला.

पहिलं साल मात्र मोठं सुखाचं गेलं. भिंती सुकायच्या आत खोल्या भरल्या. तेराच्या तेरा कापसावर जगणारे. संध्याकाळी ओसरीवर रुईचे तंतू तरंगत, जेवणात सापडत, वच्छलेच्या केसांत अडकत. ती हसून म्हणायची, आपण म्हातारे दिसून राहिलो. मग अठराशे पासष्टच्या उन्हाळ्यात मुंबईहून खबर आली की लढाई संपली. लढाई संपल्याचं दुःख करणारी माणसं त्याने पहिल्यांदाच बघितली आणि त्यांत तोही होता. आधी दलाल गेले, मग मुनीम, मग गठाणी बांधणारे. कोणी सांगून गेले, कोणी न सांगता. वैशाखात भरलेलं घर ज्येष्ठ संपेतो ओस पडलं. फक्त सातव्या खोलीतला रहमतुल्ला राहिला. तो पिंजारी होता. व्यापार बसला तरी गाद्या लोकांना लागतातच, असं तो म्हणायचा. त्याची बायको आबेदा चरकीवर सरकी काढायची. त्याच्या पिंजणाच्या तातीचा आवाज दिवसभर रिकाम्या ओळीतून घुमत राही, आणि खुशालरावाला त्या आवाजाचा आधार वाटे.

आषाढाच्या शेवटी गावात पटकी आली. रहमतुल्ला एका सकाळी परसाकडे गेला तो भिंत धरत परत आला. दुपारी त्याचे डोळे आत गेले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो संपला. खुशालराव दाराशी उभा होता. आत रडणं नव्हतं. आबेदा नुसती त्याचे पाय चोळत बसली होती. त्या वेळी आपल्या मनात काय होतं, हे खुशालरावाने पुढे कितीदा तरी आठवून बघितलं. दया होती का? असेल. भीती होती. पण त्या सगळ्याच्या वर, स्वच्छ, कोरडं, एकच वाक्य होतं: चुन्याचे दोन हात. मशिदीतून चार माणसं आली तेव्हा त्याने त्यांना हात जोडून सांगितलं, बाजाराच्या रस्त्यानं नेऊ नका, नदीच्या अंगानं न्या. त्यांनी नेलं. तो मागे गेला नाही. तो विहिरीवर अंघोळ करत राहिला, दहा घागरी, पंधरा घागरी.

तिसऱ्या दिवशी आबेदा डोक्यावरून ओढणी घेऊन, तोंड भिंतीकडे करून बोलली. “चार महिने दहा दिवस मले बसा लागते, पाटील. नवरा गेला त्याच घरात. आमच्यात तसंच हाय. मले इथंच बसू द्या. भाडं मी चरकीवर काढून देईन.” तो म्हणाला, “दुसरी सोय पाय, बाई.” ती म्हणाली, “बाहेर निघाले मनाई हाय.” तो म्हणाला, “माझा इलाज नाई.” इलाज होता. बारा खोल्या रिकाम्या होत्या. पण खोलीत पांढऱ्या कपड्यांत बाई बसलेली असली की येणारा जाणारा विचारणार, आणि एकदा विचारलं की बारा त्या बाराच राहणार. तिने पुन्हा मागितलं नाही. नवऱ्याचं पिंजण खांद्याला लावून, चरकी कडेवर घेऊन ती गेली. कुठं जाते हे त्याने विचारलं नाही. त्याच दुपारी त्याने स्वतः चुना कालवला. वच्छला ओसरीवर बसून बघत होती. चुना बोटांच्या पेरांत चावत होता, आणि पहिला हात सुकायची वाट न बघता त्याने दुसरा मारला.

कौशल्येने विचारल्याच्या पाचव्या दिवशी भगवंता कामावरून अर्ध्या दुपारी परत आला. तो रेल्वेच्या भरावावर माती टाकायला जायचा. पोट धरून तो ओसरीवरच आडवा झाला. खुशालरावाने ते पहिल्या खोलीच्या दारातून पाहिलं आणि तो चौकट धरून उभा राहिला. कौशल्या तांब्या घेऊन आत-बाहेर करत होती. तिने ज्या भिंतीला हात टेकला होता त्या भिंतीला त्याने स्वतः चुना मारला होता. आता भगवंताचे डोळे आत जातील, तो बघत राहिला. आता ती त्याचे पाय चोळील. हे सगळं आधी घडलेलं आहे आणि आपण फक्त माणसं बदलून पुन्हा मांडलं आहे, असं त्याला वाटलं. “काय खाल्लं होतं त्यानं?” वच्छलेनं विचारलं. कौशल्या म्हणाली, “शिळी भाकर अन् काकडी.” खुशालरावाला ते ऐकू येऊनही कळलं नाही. तो अनवाणीच निघाला, मोर्णा ओलांडली आणि जुन्या गावात अब्दुल गफ्फारच्या ओसरीपुढे उभा राहिला.

म्हातारा बसलेलाच होता. दाढीची मेंदी उतरून ती पांढरी झाली होती. “बैठो, पाटील,” तो म्हणाला. खुशालराव बसला नाही. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, पिंजाऱ्यापासून भगवंतापर्यंत, आणि विचारलं, “सांगू का तिले? का नको सांगू? सांगितलं तं ते जातील. नाई सांगितलं अन् तो मेला तं?”

“अजून तं मेला नाई ना?”

“नाई.”

“मंग मले काहून इचारून राहिला? तिले सांग.”

“तुमीच तं म्हटलं होतं, चाचा,” खुशालरावाचा आवाज फाटला. “चुना मार अन् बोंब होऊ देऊ नको. तुमीच म्हटलं होतं.”

गफ्फारने मान खाली घातली. मग म्हणाला, “म्हटलं होतं. चाळीस सालं हेच करून राहिलो, तेच तुले सांगितलं. आणखी नऊ गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली एकबी तू आयकली नाई. आयकली ती हे चुन्याची.” त्याने ओसरीच्या टोकाच्या खोलीकडे बोट केलं. तिच्या दाराला गोणपाट टांगलेलं होतं. “रहमतुल्लाची बायको तिथं बसली हाय. सहा हप्ते झाले. रस्त्यावर पिंजण घेऊन उभी होती, माझ्या बायकोनं आणली.”

“भाडं?” खुशालरावाच्या तोंडून गेलं, आणि आपण हे विचारलं याची त्याला त्याच क्षणी इतकी लाज वाटली की त्याने तोंडावर हात ठेवला.

“मी तुले खोलीचं सांगितलं होतं, पाटील,” म्हातारा म्हणाला. “बाईचं तू मले इचारलंच नाई.”

गोणपाटाआडून हालचाल ऐकू आली. तिने सगळं ऐकलं होतं. खुशालराव त्या दाराकडे गेला. किती अंतरावर थांबावं हे त्याला कळेना. तिथं उभं राहून तो काही तरी बोलला, चुकलं, असं काही तरी, आणि बोलताना ते शब्द त्याला हलके, पोकळ लागले. मग आबेदाचा आवाज आला, सरळ, न रडता. “मले बाहेर निघता येत नाई. त्याले कुठं पुरलं ते मले कोणी दाखवलं नाई. तुमी घरधनी होते. तुमी पाहून या अन् मले सांगा.”

तो “हो” म्हणाला. परत जाताना पुलावर त्याच्या लक्षात आलं की आपण हो तर म्हणालो, पण कबर कुठली हे आपल्यालाही माहीत नाही.

घरी भगवंता भिंतीला टेकून बसला होता आणि ताक पीत होता. काकडीच बाधली होती. त्याच्या अंगावर घाम होता, डोळे जागच्या जागी होते. तो खुशालरावाला बघून ओशाळून हसला. आता सांगायची गरज उरली नाही, हा विचार खुशालरावाच्या मनात आला, आणि तो किती पटकन, किती गोड होऊन आला हे बघून त्याला स्वतःची भीती वाटली. त्याने कौशल्येला ओसरीवर बोलावलं. “मुनीम नव्हता या खोलीत,” तो म्हणाला. “पिंजारी होता. पटकीनं मेला, आषाढात. मी चुना मारला.” कौशल्येचा हात पोटाखाली गेला. “मी इचारलं होतं तुमाले,” ती म्हणाली. राग नव्हता, समजून घ्यायचा प्रयत्न होता, आणि तो खुशालरावाला सोसेना. वच्छला मधे पडली, “आमच्या खोलीत राय माय, आमी तिकडं जातो.” पण कौशल्येनं मान हलवली. “इहीर तं तेच हाय,” ती म्हणाली. सकाळी दोघं गेली. भरावावरच्या मजुरांनी माळावर झोपड्या घातल्या होत्या, तिथं. भगवंताने आठ दिवसांचं भाडं ओसरीवर ठेवलं. खुशालराव ते परत द्यायला धावला तेव्हा तो घ्यायला तयार होईना. दोघं रस्त्यात ढकलाढकली करत राहिले आणि शेवटी पैसे धुळीत पडले. कौशल्येनंच ते वाकून उचलले आणि कमरेला खोचले.

तेरा खोल्या आता रिकाम्या होत्या आणि त्याने एकही दार उघडलं नव्हतं. दुपारी वच्छला म्हणाली, “त्या बाईनं मागितलं तवा मी इथंच बसली होती. मीबी काही म्हटलं नाई.” त्याला वाटलं होतं, ती आपल्याला बोल लावील. बोल लावला असता तर बरं झालं असतं. तो उठला आणि कबरस्तानाकडे गेला.

कबरस्तान नदीच्या वरच्या अंगाला होतं. पावसाने गवत कमरेएवढं वाढलं होतं. पटकीत मेलेल्यांना एका बाजूला, उताराकडे पुरलं होतं, घाईघाईनं, जवळजवळ. मातीचे उंचवटे पावसाने बसून सपाट व्हायला आले होते. कुणावर दगड होता, कुणावर बोरीची फांदी, बऱ्याच जणांवर काहीच नाही. तो एकेकापाशी थांबला. रहमतुल्ला उंच होता. लांब कबर असेल, असं त्याला वाटलं, पण सगळ्या सारख्याच लांब होत्या. कबर खोदणारा म्हातारा एका झाडाखाली कुदळीला दांडा बसवत होता. खुशालरावाने विचारलं. “पिंजारी? आषाढात?” तो म्हणाला. “त्या हप्त्यात रोज चार-पाच आले. नावं कोण इचारते? संगं कोण होतं त्याच्या, त्याले इचार.” संगं कोण होतं. खुशालराव पुन्हा उतारावर गेला. चिखल पायांना धरत होता. एका कबरीवर चार दगड नीट मांडलेले दिसले, जवळच कडुलिंबाचं रोप होतं. हीच म्हणावी. कडुलिंबाखाली आहे म्हणावं, सावली येईल म्हणावं. ती कुठं बघायला येणार आहे, अजून दोन महिने तरी? आणि तेव्हा आली तरी तिला तिथं बसून रडता येईल. मातीला काय कळतं कोण कोणाचं. हे सगळं त्याच्या मनात मुनिमाच्या गोष्टीसारखंच आपोआप जुळून आलं. तो त्या चार दगडांपाशी खाली बसला. दुसऱ्याच कोणाची तरी बायको, आई, कोणी तरी हे दगड मांडून गेली होती. ऊन उतरेपर्यंत तो तिथून हलला नाही.

दिवेलागणीच्या आधी तो गफ्फारच्या ओसरीवर गेला. म्हातारा नमाजाला गेला होता. तो गोणपाटापासून चार हात दूर उभा राहिला.

“सापडली नाई,” तो म्हणाला. “मी त्या दिवशी संगं गेलो नव्हतो.”

आत चरकीचा आवाज चालू होता, तो थांबला.

“किती हायत तिथं?”

“उताराकडं तीस-बत्तीस.”

रस्त्यावरून एक रिकामी गाडी खडखडत गेली. त्याला वाटलं, ती शाप देईल, आणि तो त्याची वाट बघू लागला.

“नेणाऱ्या चौघायत एक भिश्ती होता,” आबेदा म्हणाली. “काणा. मशिदीच्या मांगं रायते. त्याले संगं घेऊन जा. उद्या जा.”

खुशालरावाने मान हलवली. मग गोणपाटातून तिला ते दिसत नाही हे ध्यानात येऊन तो मोठ्याने म्हणाला, “जातो.”